एका दिवसाचा परवाना

लेस्टर हॅकनबर्गच्या डाव्या हाताची दोन बोटं लाकडाच्या गिरणीत गेली. कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा, "गिरणीला भूक लागली होती." पुढे गिरणीही बंद पडली. बायको त्याच्या कितीतरी आधी, एका नाताळात, बहिणीकडे जाऊन येते म्हणून गेली ती तिकडचीच झाली. पोरबाळ नव्हतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, लॉस्ट ऑक्स ओढ्याच्या वरच्या अंगाला, आईबापाच्या जुन्या घरात तो एकटा राहायचा. हिवाळ्यात हरणाचं मांस खायचा, उन्हाळ्यात लोकांची गवतं कापून द्यायचा. गावात त्याच्याबद्दल चांगलंही कुणी बोलत नसे आणि वाईटही. त्याच्याजवळ त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. दरवर्षी एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला लोखंडी पुलाखालच्या डोहावर उभं राहायची जागा त्याची होती.

ट्राउट माशाच्या सलामीला, म्हणजे वर्षाची मासेमारी खुली होण्याच्या त्या दिवसाला, इथं शाळेच्या निकालाहून जास्त मान आहे. माशांची पैदास करणाऱ्या सरकारी हॅचरीच्या गाड्या आधी काही आठवडे येऊन ओढ्यात मासे सोडून जातात आणि त्यानंतर पाण्याला कुणी हात लावत नाही. त्या सकाळी अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला की दोन्ही काठांवरून एकदम गळ पडतात. माणसं कोपराला कोपर लावून उभी असतात, पण कुणी कुठंही उभं राहत नाही. जागा ठरलेल्या आहेत. बापाची जागा थोरल्याकडे जाते. थोरला नसेल तर जो येऊन उभा राहील त्याच्याकडे. हे कुठं लिहिलेलं नाही, आणि यावरून कोर्टात कुणी गेलेलं नाही. हाणामाऱ्या झाल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी सगळे पाळतात. मोठा मासा गळाला लागला आणि माणूस "लागला!" म्हणून ओरडला, की दोन्ही बाजूचे शेजारी आपापले दोर ताबडतोब आत ओढतात. एवढ्या गर्दीत माशाला धावायला मोकळं पाणी दिलं नाही, तर सगळ्यांचे दोर एकमेकांत अडकून बसतील आणि मासा निघून जाईल. दुसरी गोष्ट अशी की सलामीच्या दिवशी ज्याला मासेमारीचे नियम बघणाऱ्या सरकारी वॉर्डननं पाण्यावरून उठवलं, त्याची जागा गेली. त्याची आणि त्याच्या घराचीही. लेस्टरच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या हार्लन कुंकलचा चुलता एका वर्षी ठरलेल्या हिश्शापेक्षा जास्त मासे बादलीत लपवताना सापडला. त्याची मुलं आता सांडपाण्याच्या केंद्राखाली गळ टाकतात.

पुलाखालची जागा लेस्टरच्या बापाची, अमॉनची. अमॉन कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, थोरला ऑर्विल त्याच्या बाजूला काठी घेऊन, आणि लेस्टर वर काठावर बादली धरून. ऑर्विलला गोवर निघाला त्या वर्षी लेस्टरच्या हातात पहिल्यांदा काठी आली आणि त्यानं हातभर लांब ट्राउट काढला. अमॉननं मासा उचलून पाहिला. म्हणाला, "बरा आहे." घरी आल्यावर तो तळला आणि आजारी ऑर्विलच्या ताटात वाढला. लेस्टरला त्या रात्री बटाटे मिळाले.

ऑर्विल मोठा होऊन पिट्सबर्गला गेला, बस चालवायला लागला, तिथंच लग्न केलं. सलामीला यायचं त्यानं सोडलं, मग एकंदर यायचंच सोडलं. अमॉनला झटका आला तेव्हा त्याचं हगणंमुतणं लेस्टरनं काढलं. सलामीला तो म्हाताऱ्याला गाडीत बसवून पुलावर आणून ठेवायचा आणि स्वतः खाली बापाच्या जागी उभा राहायचा. वरून, खाली केलेल्या काचेतून आवाज यायचा, "दोर ढिला सोडलास, गाढवा! ऑर्विल असता तर!" काठावरचे लोक हसायचे. लेस्टरही हसायचा.

शेवटच्या दिवशी अमॉननं डोळे उघडून विचारलं, "ऑर्विल आला का?"

"नाही," लेस्टर म्हणाला. "आणि येणारही नाही."

त्यानंतर ती जागा सगळ्यांच्या तोंडी लेस्टरची झाली. थोरला आलाच नव्हता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. त्या एका सकाळी लोक त्याला नावानं हाक मारायचे, "काय लेस्टर, पाणी कसंय?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उरलेलं वर्ष तो त्याच्यावर काढायचा.

अशात एका मार्चमध्ये फोन वाजला.

"बारक्या! सलामीला येतोय मी."

इतक्या वर्षांनीही आवाज ओळखायला लेस्टरला वेळ लागला नाही. बारक्या त्याला दुसरं कुणी म्हणत नसे.

"कशाला?" लेस्टरनं विचारलं.

"कशाला म्हणजे? बाबांच्या जागी उभा राहायला. फुप्फुसं गेली माझी. डॉक्टर म्हणतो, पुढची सलामी काही तू बघत नाहीस."

"बरं."

"बरं काय, बरं? तू जरा पलीकडे सरक, कुंकलच्या बाजूला. नाहीतर बादली धर. सवय आहे तुला." ऑर्विल हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला तो बराच वेळ चालला. "आणि ऐक. पुढच्या वर्षीपासून आमचा जावई येईल. केव्हिन. त्यानं पाण्यात उतरायची रबरी विजारसुद्धा घेऊन ठेवलीय. यंदा मी एकदा उभा राहिलो की झालं. जागा घरातच राहील."

"घरात," लेस्टर म्हणाला.

"परवाना तेवढा काढून ठेव. एका दिवसाचाच काढ. वर्षाचा घेऊन करू काय? वर्ष कुठाय माझ्याकडे?"

लेस्टरनं फोन ठेवला. केव्हिनला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त कोरी करकरीत रबरी विजार आली.

गळ, गांडुळं, कॉफी आणि परवाने हे सगळं गावात एकाच ठिकाणी मिळतं, लिओनाच्या दुकानात. लिओना लेस्टरहून थोडी मोठी, ऑर्विलच्या वयाची. तरुणपणी ऑर्विलच्या मागं अर्धं गाव होतं, त्यात तीही होती. ऑर्विलची जन्मतारीख तिला सांगावी लागली नाही.

"एका दिवसाचा?" ती यंत्रापुढे थांबली. "सलामीचा?"

"हो."

"अरे, ट्राउटला नाही चालत तो. एप्रिल संपेपर्यंत नाही. शहरातली माणसं एका दिवसाची चिठ्ठी काढून यायची आणि बादल्या भरून घेऊन जायची, म्हणून तर केला ना नियम. ऑर्विल गाव सोडून गेल्यानंतरचा आहे हा, त्याला कुठून ठाऊक असणार? वर्षाचा काढते."

"त्यानं एका दिवसाचा सांगितलाय."

"मग धरणार काय तो? बेडूक?"

"बघेल त्याचा तो."

लिओनानं चष्म्यावरून पाहिलं. "सांगशील ना त्याला?"

"सांगतो की."

यंत्रातून कागद निघाला. लेस्टरनं तो घडी करून खिशात ठेवला, गांडुळांचा एक डबा घेतला आणि निघाला. गाडीत बसल्यावर त्यानं सगळं एकदा नीट मांडून पाहिलं. वॉर्डन डॉटररबाई दरवर्षी गाडी पुलाशी लावतात. तपासणी पुलापासून सुरू करून खाली जातात. पुलाखालचा माणूस पहिला. कुणाला फोन करायला नको, चिठ्ठी लिहायला नको. ऑर्विल पाण्यावरून उठला की त्याची जागा गेली आणि त्याच्या घराचीही, म्हणजे जावयाची. आपण वेगळ्या घरचे, आपला परवाना वर्षाचा. यात त्याला काही करायचंच नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं, आणि न बोलण्याचा सराव त्याला लहानपणापासून होता.

शुक्रवारी जावई ऑर्विलला दारात सोडून गेला. गाडीतून उतरलाही नाही. लेस्टरला काचेआड फक्त एक टोपी दिसली. ऑर्विल अर्धा झाला होता. नाकात नळी, मागं चाकांवर ओढत आणलेलं प्राणवायूचं नळकांडं. डोळे मात्र तेच.

"घर अजून पडलं नाही वाटतं," तो म्हणाला. "आणि तूही."

दुपारी लेस्टर लाकडं फोडत होता. तेवढ्यात ऑर्विल लेस्टरच्याच गाडीची किल्ली घेऊन गांडुळं आणायला म्हणून लिओनाकडे गेला. गांडुळं घरात होती. परत यायला त्याला बराच उशीर झाला.

"कुठं होतास?"

"जुन्या गप्पा," ऑर्विल म्हणाला. "तुला कळायच्या नाहीत."

संध्याकाळी डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी. ऑर्विल दोन घासांत थकला, पण बोलायचं थांबला नाही. अमॉननं लेस्टरला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं होतं ती गोष्ट त्यानं सांगितली, लेस्टर नाचाच्या कार्यक्रमात दाराशीच उभा राहिला ती सांगितली. लेस्टर ताटात बघत जेवत होता. मध्येच ऑर्विलनं विचारलं, "नियमबियम काही बदललेत का रे? इतकी वर्षं झाली."

"नाही. माणशी पाच मासे. बाकी काही नाही."

"आणि परवाना?"

लेस्टरनं उठून कागद आणला आणि खुंटीवरच्या बापाच्या टोपीला पिनेनं लावून दिला. "हा घे."

"नीट आहे ना सगळं?"

"नीट आहे."

ऑर्विलनं टोपी डोक्यावर ठेवली, काढली, आणि गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसला.

सकाळी अग्निशमन केंद्रात पॅनकेक आणि सॉसेजची न्याहारी होती. ऑर्विल आत शिरला आणि सगळं दालन उठलं. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी नळकांड्यावर. "यात बिअर भरलीय का रे, ऑर्विल?" हार्लन कुंकल ओरडला. "भरली असती तर तुला वास लागला नसता का?" ऑर्विल म्हणाला. लोक पोट धरून हसले. लेस्टर नळकांडं धरून मागं उभा होता. त्या सकाळी पाणी कसं आहे हे त्याला कुणी विचारलं नाही.

डोहापाशी उतरताना ऑर्विलला दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि पाण्याच्या कडेला, अमॉनच्या जागी उभं केलं. लेस्टर बादली, जाळी, नळकांडं घेऊन आला, नळकांडं ऑर्विलच्या पायाशी ठेवलं आणि कुंकलच्या बाजूला दोन पावलं सरकून उभा राहिला. पाणी हिरवट आणि थंडगार होतं. समोरचा काठ भरला होता. पुलाच्या कठड्याला टेकून बायका कॉफी पीत होत्या, लिओनाही होती. पुलाच्या टोकाला वॉर्डनची गाडी लागलेली होती.

आठला थोडा वेळ उरला असताना ऑर्विल मान न वळवता म्हणाला, "बारक्या."

"काय?"

"टाकू ना?"

लेस्टरनं पाण्याकडे पाहिलं. "टाक की."

"बघ हं."

"अरे, टाक म्हटलं ना."

भोंगा वाजला. ऑर्विलनं मनगटाच्या एका झटक्यात गळ अगदी त्या खडकाच्या वरच्या बाजूला टाकला, जिथं अमॉन टाकायचा. लेस्टरला इतक्या वर्षांत तो झटका जमला नव्हता. दोर ताणला. पाण्यात पिवळं काहीतरी उलटलं. हॅचरीवाले प्रत्येक खेपेला असे दोनचार सोनेरी मासे सोडतात, आणि ते लोकांना लांबूनच दिसतात, त्यामुळे ते सगळ्यांनाच हवे असतात.

"लागला!" ऑर्विलच्या आवाजात दम नव्हता, पण दोन्ही काठांवरचे दोर एकदम आत आले. रिळांचा कर्रकर्र आवाज झाला आणि डोह मोकळा झाला. मासा खाली गेला, वर आला, पुलाच्या खांबाकडे धावला, परत आला. ऑर्विलचे ओठ निळे पडले होते. शेवटी लेस्टरनं जाळी खाली घातली आणि तीन बोटांच्या हातानं ती उचलली. काठावर टाळ्या वाजल्या. "अमॉनचा पोरगा!" समोरून कुणीतरी ओरडलं. अमॉनला दोन पोरगे आहेत हे त्या क्षणी तिथं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

ऑर्विलनं मासा दगडावर आपटून मारला आणि बादलीत टाकला. तोवर डॉटररबाई उतरून आल्या होत्या.

"काय सुंदर मासा आहे, आजोबा. परवाना बघू?"

ऑर्विलनं टोपी वाकवली. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"हा एका दिवसाचा आहे."

"मीसुद्धा तेवढाच आहे, मॅडम."

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "आजोबा, हा ट्राउटला चालत नाही. एप्रिल संपेपर्यंत नाही. दुकानात सांगितलं नाही तुम्हाला?"

हशा थांबला. कुणीतरी वर पुलाकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. लिओनानं कॉफीचा पेला कठड्यावर ठेवला.

"ज्यानं नेला त्याला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "चांगलं समजावून सांगितलं होतं."

माना लेस्टरकडे वळल्या. त्यानं जाळी उलटी करून झटकली. तिच्यात काहीच नव्हतं.

"मॅडम, जाऊ द्या ना," कुंकल म्हणाला. "म्हाताऱ्याची शेवटची सलामी आहे."

"याला सोडलं तर खाली दोनशे माणसं उभी आहेत, त्यांना काय सांगू? तुमच्या चुलत्याला तरी सोडलं होतं का?" बाईंनी दंडाची पावती फाडली. बादलीतला मासा त्यांनी पिशवीत घातला. त्याचा पिवळा रंग एवढ्यातच राखाडी पडायला लागला होता. "आजोबा, आता पाण्यावरून उठावं लागेल. माफ करा."

"माफी कसली," ऑर्विल म्हणाला. "नियम तो नियम."

चढावर लेस्टर नळकांडं घेऊन मागं होता. अर्ध्यावर ऑर्विल श्वास घ्यायला थांबला आणि त्याच्याकडे वळला.

"काल लिओना म्हणाली, हा चालत नाही. वर्षाचा काढून देते म्हणाली, यंत्र सुरूही केलं होतं तिनं. मी नको म्हटलं."

लेस्टरला आधी ते नीट कळलं नाही. "मग टाकलास कशाला?"

"तुला विचारूनच टाकला." ऑर्विलनं नळी नाकात नीट बसवली. "घरी विचारलं, इथं विचारलं. सगळ्यांच्या देखत विचारलं. बाबांना मी म्हणायचो, बारक्यात काही दम नाही. चुकलं माझं." तो हसला, खोकला, आणि लेस्टरच्या हातातून नळकांड्याचा दांडा काढून घेतला. "जा. जागा रिकामी आहे. आता तुझीच."

वर दोन माणसं त्याला धरायला पुढं आली. लेस्टरला कुणी धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. त्याच्या बाजूनं वाट काढून ते गेले.

तो खाली उतरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बापाच्या जागी, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, गांडूळ लावलं, गळ टाकला. उजवीकडे कुंकल होता, डावीकडे कुंकलचा साडू. दोघांचे दोर पाण्यात होते. सूर्य पुलाच्या वर आला तेव्हा दोर ताणला. मोठा होता. आयुष्यात एवढा मोठा त्याच्या गळाला लागला नव्हता.

"लागला!" लेस्टर ओरडला.

एकही रीळ वाजलं नाही. मासा उजवीकडे धावला आणि कुंकलच्या दोरात गेला. तिथून वळून साडूच्या दोरात गेला. समोरच्या काठावरचेही दोर तसेच होते. "लागला! अरे, लागलाय!" लेस्टर पुन्हा ओरडला. पुलावर बायका उभ्या होत्या. समोरच्या काठावर एक माणूस सॉसेज खात होता, तो खात राहिला.

कुंकलनं खिशातून चाकू काढला, गुंता हातात घेतला, आणि आपला दोर कोणता नि लेस्टरचा कोणता हे सावकाश वेगळं करून पाहिलं. मग लेस्टरचा कापला.

"तुझा दोर माझ्यात आला," तो म्हणाला.

ऑर्विल त्याच दुपारी पिट्सबर्गला परत गेला. ऑगस्टमध्ये वारला. लेस्टरला ते दफन होऊन गेल्यावर, टपाल वाटणाऱ्या बाईकडून कळलं. केव्हिन कधी आला नाही. ती रबरी विजार त्यानं विकली असेल.

पुलाखालच्या जागेवर त्यानंतर कुणी दावा सांगितला नाही. ती लेस्टरची आहे, हे सगळे मानतात. कुणी नवखा तिथं उभा राहायला गेला तर काठावरचे लोकच त्याला सांगतात, "तिथं नको, ती हॅकनबर्गची जागा आहे." लेस्टर दर सलामीला उजाडता येतो, वर्षाचा परवाना टोपीला लावतो, आणि कोपराला कोपर लागेल एवढ्या गर्दीत उभा राहतो. पहिली काही वर्षं मासा लागला की तो ओरडायचा. आता ओरडत नाही. हार्लन कुंकल भोंगा वाजण्याआधीच चाकू काढून शेजारच्या दगडावर ठेवतो.